रोझ बेलचे स्वर्गीय गोपाल

मी तोंडाची फटकळ आहे हे अख्ख्या बो बासें गावाला ठाऊक आहे. पण शहाऐंशी सालच्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी माझ्या तोंडातून चांगली दहा मिनिटं शब्द फुटला नाही. माझ्या जित्याजागत्या बापाला मी रेडिओवर मारलं होतं.

पहिल्यापासून सांगते. अर्धवट ऐकून लोक भलतंच बोलत सुटतात, आणि या गोष्टीपायी मी आधीच पुष्कळ ऐकून घेतलंय.

आमच्या बेटावर माणूस गेला की रेडिओवर सांगतात. दुपारी साडेबारा वाजता घराघरात जेवणं थांबतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, वय किती, कोणाचा नवरा, कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, प्रेत किती वाजता निघणार, सगळं ऐकायचं आणि मग उठून कपडे बदलायचे. पत्र पाठवायला वेळ कुठे असतो? सकाळी गेला तर संध्याकाळी अग्नी. बो बासेंमध्ये चंद्रमोहन नावाच्या गृहस्थांचं एक छोटं ऑफिस होतं. लोक वहीच्या पानावर नावं लिहून आणायचे, आम्ही ती नीट मांडून, टाईप करून रेडिओला पोचवायचो. मी तिथे आठ वर्षं होते. माझ्याबरोबर पुष्पा होती, ती फोन घ्यायची आणि माझा राग सहन करायची.

या यादीत कोणाचं नाव येतं आणि कोणाचं राहतं यावरून आमच्याकडे घरं फुटतात. आमचंच फुटलं होतं. चौऱ्याहत्तर साली माझी आजी गेली तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे बांनी, यादी सांगितली. लांबच्या पाहुण्यांपर्यंत सगळी नावं आली आणि धाकट्या भावाचं, इंद्रदेवकाकाचं, नाव राहिलं. काका यादी सांगताना बांच्या शेजारीच बसला होता. रेडिओ बोलून थांबला तसा तो उठला, हेजच्या, म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या, पलीकडे आपल्या घरी गेला आणि मधली वाट त्यानं तारेनं बंद केली. "मी आईचा मुलगा नाही असं सगळ्या बेटानं ऐकलं," एवढंच तो म्हणाला. बारा वर्षं दोघं एकमेकांना खोकताना ऐकत होते, पण बोलले नाहीत.

पंच्याऐंशीत चंद्रमोहननी कॉम्प्युटर आणला. हिरवी अक्षरं, मोठा आवाज करणारा प्रिंटर, आणि ते शिकायला मी चार महिने रोझ हिलला संध्याकाळच्या वर्गाला गेले. तेव्हा लोकांची एक तक्रार फार होती. मेलेल्या माणसाचं नाव यादीत सहा-सात वेळा यायचं, यांचे भाऊ, यांच्या सुना, यांचे जावई असं, आणि एखाद्या ठिकाणी पुढे 'स्वर्गीय' लावायचं राहिलं की घरची माणसं भांडायला यायची. मी म्हटलं, हे काम मशीनकडे देऊया. चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. मेलेल्याचं नाव सांगायचं, मशीन ते सगळ्या मजकुरात शोधणार आणि जिथे सापडेल तिथे त्याच्या जागी 'स्वर्गीय' लावलेलं नाव घालणार.

पहिल्याच आठवड्यात नाक कापलं गेलं. राम नावाचे एक आजोबा गेले होते. त्यांच्या मुलाचं नाव सखाराम, सुनेचं रामरती. मशीनला शब्द कळत नाही, त्याला नुसती अक्षरांची माळ कळते. सखारामच्या पोटात त्याला राम सापडला. रेडिओवरचा माणूसही असला भोळा, समोर आलं ते त्यानं वाचलं, "सखा स्वर्गीय राम आणि स्वर्गीय रामरती." रामरती दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसात आली, छत्री घेऊन. त्या छत्रीचा प्रसाद चंद्रमोहनना मिळाला आणि त्यांच्या शिव्या मला मिळाल्या.

तीन दिवस मी त्या प्रोग्रामच्या मागे लागले. शेवटी जमलं. नाव सापडलं की त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं अक्षर बघायचं. तिथे मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असेल तरच तो अख्खा शब्द धरायचा, नाहीतर हात लावायचा नाही. राम नाव असलेली पन्नास वाक्यं करून तपासलं. सखाराम शाबूत, रामरती शाबूत, बलराम शाबूत. मला आभाळ ठेंगणं झालं. पुष्पाला मी तीनदा समजावून सांगितलं आणि तिनं तीनदा "बरं बाई" म्हटलं. त्या दिवसापासून मी छापून आलेला कागद वाचायचं सोडून दिलं.

आता त्या मंगळवाराकडे येते. बांना आदल्या आठवड्यात हर्नियासाठी लोपितालात, म्हणजे मोठ्या इस्पितळात, ठेवलं होतं. नेताना टॅक्सीत ते मला म्हणाले, "अनुसया, मी गेलो तर अग्नी कोण देणार?"

"मी देईन," मी म्हटलं. मी त्यांची एकुलती एक.

"तू देशील ते ठाऊक आहे मला. मी वेगळं विचारतोय."

ते काय विचारत होते ते मला कळलं होतं. आमच्या गावात मुलगा नसला तर भाऊ डोकं भादरून पुढे होतो. बांना मरायची भीती नव्हती, भाऊ येणार नाही याची होती. "इंद्रा नाही यायचा," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी मेलो तरी नाही यायचा." मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं, म्हणून मी टॅक्सीवाल्यावर उगाच खेकसले. ऑपरेशन शनिवारी नीट झालं. सोमवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा बा तिथल्या सूपला नावं ठेवत बसले होते.

मंगळवारी सकाळी अकराला मोंतान्य ब्लांशहून नवीन नावाचा आमचा एक नातेवाईक डोळे सुजवून आला. त्याचे वडील पहाटे गेले होते. त्याचे वडील म्हणजे माझ्या बांचे मामेभाऊ, आणि त्यांचंही नाव गोपाल. दोघांना एकाच आजोबांचं नाव ठेवलेलं, जे मजुरीसाठी जहाजातून या बेटावर आले त्यांचं. आमच्यात एक नाव मिळालं की तीन पिढ्या तेच चालवतात, नवीन नाव ठेवायला जणू सरकार पैसे मागतं. मी नवीनला पाणी दिलं आणि त्याची तीन पानांची यादी टाईप करायला घेतली. त्यात एक ओळ होती, 'रोझ बेलचे गोपाल आणि इंद्रदेव यांचे मामेभाऊ.' बा आणि काकाचं नाव शेजारी शेजारी टाईप करताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मशीनला सांगितलं, मेलेल्याचं नाव गोपाल. मशीननं काम केलं, प्रिंटर ओरडला, आणि बाराच्या आत कागद मोटारसायकलवरून रेडिओला गेला.

साडेबाराला पुष्पा पावात आचार, म्हणजे लोणचं, भरत होती. रेडिओ चालू होता. मोंतान्य ब्लांशचे स्वर्गीय गोपाल, वय एकाहत्तर. मी अर्धवट ऐकत होते. मग तो माणूस त्याच शांत आवाजात म्हणाला, "रोझ बेलचे स्वर्गीय गोपाल आणि इंद्रदेव यांचे मामेभाऊ."

पुष्पाचा हात थांबला. "अनुसया," ती म्हणाली, "तुझे बा?"

मी ऑफिसची प्रत काढली. 'स्वर्गीय' सात ठिकाणी होतं, हवं होतं सहा ठिकाणी. सातव्या ठिकाणी अलीकडे मोकळी जागा, पलीकडे मोकळी जागा. अख्खा शब्द. मशीननं तसूभर चूक केली नव्हती. मी त्या कागदाकडे बघत राहिले आणि पुष्पानं माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला कळलं की मी उभी आहे.

मग फोन. रेडिओवरचा माणूस म्हणाला, दुरुस्ती संध्याकाळच्या वेळेला वाचू. आमच्या रोझ बेलच्या घरी फोन नव्हता. गावातल्या चिनी दुकानाचा नंबर फिरवला तर तो लागेना. लागेल कसा, अख्खं रोझ बेल त्याच फोनवरून आपापल्या पाहुण्यांना कळवत असणार. आई घरी एकटी होती. बांना तिनं रविवारी बघितलं होतं, त्यानंतर नाही. रेडिओ बोलला म्हणजे लोपितालानं कळवलं असेल, असंच कोणीही धरणार. आईनं बांगड्या फोडल्या तर? माझ्या डोळ्यांपुढे तेच येत होतं. मी पर्स उचलली आणि बस पकडली.

क्युरपिपला बस बदलून पुढच्या बसमध्ये बसले तर माझ्या मागे दोन बायका. एक म्हणाली, "रोझ बेलचा गोपाल पण गेला म्हणे. एका दिवशी दोघं. मुलगा नाही बिचाऱ्याला, एक पोरगी आहे, ती लग्न करत नाही."

मी मागे वळले. "गेले नाहीत ते. आणि पोरीच्या लग्नाचं तुम्हाला काय पडलंय?"

ती बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "अयो, हीच ती. डोक्यावर परिणाम झालाय." आणि तिनं मला एक केळं दिलं. मी ते रोझ बेलपर्यंत हातात धरून बसले.

दारात ताडपत्री लागली होती. देवळातली बाकं आणून मांडली होती. बायका पांढऱ्या साड्या नेसून आईभोवती बसल्या होत्या, आणि आई पदराखाली हात लपवून, तोंड घट्ट मिटून बसली होती. मला बघून तिनं हात बाहेर काढले. बांगड्या होत्या.

"सगळ्या म्हणत होत्या फोड," ती म्हणाली. "मी म्हटलं माझी पोरगी तिथेच काम करते. ती येऊन सांगेल तेव्हा बघू."

मी सांगणार तेवढ्यात माझं लक्ष अंगणाच्या टोकाला गेलं. हेजमधली तार कापलेली होती. लिचीच्या झाडाखाली स्टुलावर एक माणूस बसला होता, उघडा, खांद्यावर पंचा, डोकं गुळगुळीत भादरलेलं. न्हावी देवराज त्याच्या ओठावरचा साबण निपटत होता. इंद्रदेवकाका. ज्याच्या मिशीवरून गावात त्याला ओळखायचे, त्याची डावीकडची मिशी गेली होती आणि उजवीकडची जागेवर होती.

"थांब, देवराज," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "बा जिवंत आहेत. मशीनची चूक झाली. मशीनची नाही, माझी. मोंतान्य ब्लांशचे गोपाल गेलेत. बा काल सूप पीत होते."

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "पण दोघंजण गाडी घेऊन लोपितालात गेलेत, बॉडी आणायला." देवराजनं वस्तरा पाण्यात बुडवला आणि तिथेच धरून ठेवला.

काका उठला. अर्ध्या ओठावर साबण, डोळे लाल. तो खूप रडला होता हे लांबूनही दिसत होतं. "जिवंत आहे?" त्यानं विचारलं.

"हो, काका."

तो मटकन खाली बसला, स्टुलावर नाही, मातीत. दोन्ही हात भादरलेल्या डोक्यावर ठेवले. मला वाटलं आता तो हसेल किंवा देवाचं नाव घेईल. त्यानं मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा पार बदलला होता. "तू मुद्दाम केलंस," तो म्हणाला. "त्याच्या नावाशेजारी माझं नाव घातलंस, त्याला मारलंस, आणि मला या अंगणात आणून बसवलंस. जित्या भावासाठी मी डोकं भादरलं. हे किती अभद्र आहे, कळतं तुला?"

मी समजावायला लागले. अख्खा शब्द, अलीकडची जागा, पलीकडची जागा. बोलता बोलता मला त्या सगळ्यांचे चेहरे दिसत होते. एकालाही पटलं नाही. आईलाही नाही. ती माझ्याकडे असं बघत होती की, बाई गं, मार्ग वाईट होता पण हेतू चांगला. मला संतापानं रडू फुटलं. आयुष्यात एकदा मी काही मुद्दाम केलं नव्हतं आणि तेवढ्यावर माझा कोणी विश्वास ठेवेना.

"ही राहिलेली पण काढ," काका देवराजला म्हणाला. मिशी उतरली तसा तो उठला आणि तार कापलेल्या वाटेनं आपल्या घरी गेला. ती तार मात्र त्यानं परत जोडली नाही.

बा गुरुवारी घरी आले. बॉडी न्यायला आलेल्या दोघांना त्यांनी स्वतःच्या पलंगावर बसवून चहा पाजला होता, त्यामुळे सगळी हकिकत त्यांना आधीच कळली होती. एक सोडून. टॅक्सीतून उतरल्यावर ते घरात आले नाहीत. पोटाला हात धरून, एकेक पाऊल टाकत हेजमधल्या वाटेनं पलीकडे गेले. मी मागोमाग. काका टोपी घालून टोमॅटोची रोपं काठीला बांधत होता.

"इंद्रा, टोपी काढ," बा म्हणाले.

काका रोप बांधत राहिला. मग त्यानं टोपी काढली. बा त्या डोक्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचे टाके आठवले.

"आणि मिशी?"

"तुझ्या पोरीला विचार," काका म्हणाला. बारा वर्षांनी हे पहिलं बोलणं.

बा हसायला लागले, मग पोट धरून कण्हले, मग रडायला लागले. "आईच्या वेळी तुझं नाव राहिलं ते तू माझ्या शेजारी बसला होतास म्हणून राहिलं. समोर नसलेल्यांचीच नावं आठवत होतो मी. तुला काय आठवायचं?"

"मला ठाऊक होतं," काका म्हणाला. "रेडिओला ठाऊक नव्हतं." आणि त्यानं बांना बसायला रिकामी बादली पालथी घालून दिली.

त्यानंतर दोन वर्षं रोज साडेबाराला दोघं आमच्या ओट्यावर एकत्र रेडिओ ऐकायचे. यादी संपली की काका म्हणायचा, "गोपालदादा, आज पण तुझं नाव नाही. जेव." मिशी परत आली, पहिल्यापेक्षा जाड. मी प्रोग्राममधून 'स्वर्गीय' काढून टाकलं. ते मी हातानं घालायची आणि छापलेला कागद तीन वेळा वाचायची. काका शेवटपर्यंत म्हणायचा की मी मुद्दाम केलं. मीही नंतर नाही म्हणायचं सोडलं.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात एका बुधवारी रात्री बांच्या छातीत जळजळ झाली. लोपितालात नेलं. काका टॅक्सीपर्यंत आला आणि म्हणाला, "परत सूप प्यायला चाललास काय?" गुरुवारी सकाळी नऊ वाजता बा गेले. मी आणि आई जवळ होतो.

मी लोपितालातूनच पुष्पाला फोन केला आणि यादी सांगितली. भावांच्या ओळीत पहिलं नाव इंद्रदेव. पुष्पानं मला सगळं परत वाचून दाखवलं. कागदपत्रं, सह्या, गाडी, यात दुपार झाली. बांना घेऊन आम्ही निघालो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

गाडी गावाच्या तोंडाशी आल्यावर मी एकटीच उतरले आणि पुढे चालत गेले. दारात ताडपत्री नव्हती, बाकं नव्हती. रस्त्यावर पाच-सहा माणसं नुसती उभी होती, धड शोकात नाहीत आणि धड गप्पांत नाहीत. देवराज वस्तऱ्याची पेटी घेऊन फाटकाबाहेर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझा चेहरा बघून नजर खाली घातली.

काका आपल्या टोमॅटोत होता. मला बघून तो मोठ्यानं हसला.

"काय गं, मशीन परत बिघडलं काय तुझं? या वेळी मी नाही फसायचा. हा देवराज धावत आला वस्तरा घेऊन, हाकलून दिला त्याला. बाकं आणत होते देवळातली, ती पण परत पाठवली. दादाला सांग, मिशीला आता हात लागायचा नाही." त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "कधी सोडतायत त्याला?"

सगळं बेट म्हणतं, मला बोलायला निमित्त लागतंच कुठे. मी तिथे उभी राहिले आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

"आज माझं नाव पहिलं घेतलं," तो म्हणाला. तो अजून हसत होता, पण हळू. "ऐकलं मी. बरोबर घेतलं. मशीन नीट बोलत होतं आज." त्याच्या हातातली सुतळी सुटून खाली पडली. ती उचलायला तो वाकला नाही. "अनुसया, तू बोल."

"काका, आज मशीनवर काही केलं नाही," मी म्हटलं. "मी फोनवर शब्दन् शब्द सांगितला."

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि आईचा आवाज आला. काकानं टोपी काढून टोमॅटोच्या काठीवर ठेवली.

"देवराजला आत बोलव," तो म्हणाला.